एक डिस्क, दोन मालक: सामायिक साठवणुकीच्या क्लस्टरमधील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या संस्थेतले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, तांत्रिक भाग जसा घडला तसा ठेवला आहे. दुरुस्तीच्या आणि नंतरच्या फेरमांडणीच्या कामात मी होतो.

संस्थेकडे लोकांचे अर्ज येतात. अर्जाला जोडलेले कागद स्कॅन होतात आणि एका मोठ्या फाइल साठ्यात जाऊन बसतात. दिवसा कर्मचारी एकेक कागद चढवतात, रात्री एक बॅच जॉब बाहेरून आलेले कागद गठ्ठ्याने आत घेतो. हा साठा दोन लिनक्स सर्व्हरच्या क्लस्टरमागे, म्हणजे एकमेकांची जागा घेऊ शकणाऱ्या जोडीमागे होता. त्यांना क आणि ख म्हणू. दोघांच्या मागे एकच स्टोरेज अ‍ॅरे, म्हणजे डिस्कची सामायिक पेटी होती आणि त्यातला एक मोठा ल्यून, म्हणजे सर्व्हरला एकच डिस्क म्हणून दिसणारा भाग, फायबर चॅनेल या साठवणुकीच्या वेगळ्या जाळ्यातून दोन्ही सर्व्हरना दिसत होता. त्यावर एलव्हीएम हा डिस्कचे भाग सांभाळणारा थर, त्यावर एक्सएफएस ही फाइल सिस्टिम, आणि तिथून पुढे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरना एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून, फाइलींचे वाटप. कोणता सर्व्हर कधी काम करणार हे पेसमेकर ठरवत होता आणि दोघे एकमेकांना जिवंत दिसतात की नाही हे कोरोसिंक पाहत होता.

रोजचे चित्र असे: क काम करतो, ख राखीव बसतो. क पडला की ख डिस्क उचलतो, फाइल सिस्टिम माउंट करतो (वापरासाठी जोडून घेतो), सेवेचा आयपी पत्ता स्वतःवर घेतो आणि अ‍ॅप्लिकेशनला फारसे काही न कळता काम पुढे चालते. याला फेलओव्हर म्हणतात.

या कामात नव्याने येणाऱ्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो, म्हणून थोडे थांबतो. डिस्क दोन्ही सर्व्हरना दिसते याचा अर्थ फाइली दोघांत वाटल्या गेल्या असा होत नाही. एक्सएफएस किंवा एक्स्ट४ या फाइल सिस्टिम असे गृहीत धरतात की या डिस्कला आपल्याशिवाय कोणी हात लावत नाही. डिस्कचे कोणते ब्लॉक, म्हणजे तुकडे, मोकळे आहेत, कोणती फाइल कुठे संपते, हे सगळे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आपल्या मेमरीत धरून ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. एकाच गोदामातल्या रिकाम्या जागांची यादी दोन माणसांनी सकाळी आपापल्या वहीत लिहून घेतली आणि दिवसभर एकमेकांना न विचारता माल लावत राहिले, तर संध्याकाळी एकाच खणात दोघांचा माल सापडणार. दोघांच्याही वहीत चूक काही नसते. डिस्कवर नेमके हेच होते.

म्हणून अशा क्लस्टरमध्ये सगळा भार एका प्रश्नावर असतो: या क्षणी डिस्कचा मालक कोण? ख ला क चा आवाज ऐकू येईनासा झाला, तर क मेला असेल, अडकला असेल, किंवा नुसती मधली केबल सुटली असेल. ख च्या बाजूने तिन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. यातून सुटण्याचा मार्ग एकच आहे. आधी क ची वीज तोडायची किंवा त्याचा डिस्ककडे जाणारा रस्ता बंद करायचा, तसे झाल्याची खात्री मिळवायची, आणि मगच डिस्कला हात लावायचा. याला फेन्सिंग म्हणतात. पेसमेकरमध्ये त्याचे नाव स्टोनिथ आहे आणि ते मुळात चालूच असते.

या क्लस्टरमध्ये ते बंद होते. उभारणीच्या वेळी फेन्सिंग सर्व्हरच्या व्यवस्थापन कार्डावरून, म्हणजे आयपीएमआयने होणार होते. पण ती कार्डे चुकीच्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या विभागात, होती आणि चाचणीत दरवेळी टाइमआउट येत होता. फेन्सिंग चालू आणि साधन चालत नाही अशा स्थितीत पेसमेकर नोड (क्लस्टरमधला सर्व्हर) हरवल्यावर पुढे काहीच करत नाही, वाट पाहत बसतो. तेच त्याचे बरोबर वागणे आहे. पण कार्यान्वयनाची तारीख दोन दिवसांवर होती. ‘स्टोनिथ-एनेबल्ड’ हा गुण ‘फॉल्स’ केला गेला आणि कामाच्या नोंदीत लिहिले गेले: तात्पुरते बंद, व्हीलॅन दुरुस्त झाल्यावर चालू करणे. ही नोंद कोणाच्या नावावर नव्हती आणि तिला तारीखही नव्हती. १४ महिने ती तशीच राहिली.

काय बिघडले

दोन नोडमधला कोरोसिंकचा संवाद एका वेगळ्या छोट्या स्विचवरून जात होता. त्या स्विचचे फर्मवेअर अद्ययावत करायचे ठरले. बदलाच्या अर्जात जोखीम ‘कमी’ अशी लिहिली होती, कारण या स्विचवरून वापरकर्त्यांची वाहतूक जात नाही. मी हा अर्ज नंतर अनेकदा वाचला. त्यातले प्रत्येक वाक्य खरे होते. तपासणाऱ्याने प्रश्न विचारला तो ‘यावरून कोणाचा डेटा जातो?’ हा. विचारायला हवा होता तो ‘हे बंद पडले तर कोण काय समजेल?’ हा.

रात्री २ वाजून १० मिनिटांनी स्विच रीस्टार्ट झाला. काही सेकंदांत दोन्ही नोडना समोरचा गेल्यासारखे वाटले. दोन नोडच्या क्लस्टरसाठी कोरोसिंकमध्ये ‘टू_नोड’ ही तरतूद असते. तिच्यामुळे एकटा उरलेला नोडही स्वतःला बहुमतात धरतो. ही तरतूद फेन्सिंग असेल या भरवशावरच दिलेली आहे. फेन्सिंग नसल्यामुळे पेसमेकरने हरवलेला नोड बंद पडला असे मानले आणि ख ने काम हाती घेतले. एलव्हीएम सक्रिय झाले, एक्सएफएस माउंट झाली. त्याआधी तिने जर्नल, म्हणजे होऊ घातलेल्या बदलांची नोंदवही, वाचून अर्धवट राहिलेले बदल लावले. तेच जर्नल त्याच वेळी क लिहीत होता.

क ला फायबर चॅनेल शाबूत होते, वापरकर्त्यांचे नेटवर्कही शाबूत होते. त्याने काम थांबवायचे काही कारणच नव्हते. आयपी पत्ता दोघांकडे होता. काही अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर क शी बोलत राहिले, काही ख कडे वळले, आणि रात्रीचा बॅच जॉब जोरात चालू होता.

६ मिनिटांनी स्विच परत आला. नोड पुन्हा एकत्र आले. एकच सेवा दोन ठिकाणी चालू असल्याचे पेसमेकरला दिसले. अशा वेळी त्याचे ठरलेले वागणे म्हणजे दोन्हीकडची सेवा थांबवायची आणि एकीकडे सुरू करायची. त्याने ते शिस्तीत केले. पण शिस्तीत अनमाउंट करणे म्हणजे मेमरीत साठलेले सगळे डिस्कवर उतरवणे. दोन्ही नोडनी आपापली चुकीची वही डिस्कवर उतरवली, एकामागून एक.

पाळीवरच्या सहकाऱ्याला ‘एकच आयपी दोन ठिकाणी’ अशी सूचना आली होती. तो पाहीपर्यंत ती आपोआप मिटली होती, सेवा चालू होती, डॅशबोर्ड हिरवा होता. त्याने नोंद करून सूचना बंद केली. त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केले असते. ती सूचना म्हणजे डिस्कला दोन मालक झाल्याची खूण आहे हे कोणत्याही कार्यपुस्तिकेत लिहिलेले नव्हते.

सकाळी ८:४० ला पहिली तक्रार आली. एका अर्जाचा कागद उघडला तर वरचा अर्धा भाग त्या व्यक्तीचा आणि खालचा अर्धा भाग दुसऱ्याच कोणाच्या कागदाचा. ती प्रतिमा मी पाहिली आहे. वर एक सही, मध्ये रंगीत पट्ट्यांचा गाळ, खाली अनोळखी हस्ताक्षर. तक्रार अ‍ॅप्लिकेशनच्या टीमकडे गेली, कारण ‘प्रतिमा नीट दिसत नाही’ या सदराखाली ती बसत होती. ११ च्या सुमाराला एक्सएफएसला मेटाडेटाचा (फाइलींविषयीच्या नोंदींचा) चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, जुळेना आणि तिने स्वतःला बंद करून घेतले. तेव्हा सगळे धावले.

त्या सव्वादोन तासांत दिवसाचे काम सुरू होते आणि मोकळ्या जागेच्या बिघडलेल्या नकाशावर नव्या फाइली लिहिल्या जात होत्या. पहिल्या तक्रारीलाच लेखन थांबवले असते तर नुकसान रात्रीच्या बॅचपुरते राहिले असते. एका कागदात दुसऱ्याचा कागद दिसणे हा अ‍ॅप्लिकेशनचा दोष क्वचितच असतो. तो साठवणुकीचा दोष असण्याची शक्यता इतकी मोठी आहे की आधी लिहिणे थांबवावे आणि मग चर्चा करावी.

दुरुस्ती: पहिला निर्णय

फाइल सिस्टिम बंद पडल्यावर सगळ्यांचा हात ‘एक्सएफएस_रिपेअर’ कडे गेला. ही आज्ञा जर्नलमध्ये न लावलेले बदल असतील तर काम करायला नकार देते आणि आधी माउंट करून पाहा असे सांगते. तरीही पुढे जायचे तर ‘-एल’ लावून जर्नल पुसता येते. दबाव मोठा होता. टीममधल्या सर्वांत तरुण सहकारी बाई अडून बसल्या: अ‍ॅरेवर ल्यूनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेतल्याशिवाय कोणी कळ दाबायची नाही. स्नॅपशॉटला जागा कमी होती, दुसरा एक चाचणीचा ल्यून काढावा लागला, त्यात ४० मिनिटे गेली. पूर्ण प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच होता. पहिल्या दुरुस्तीत बरेच फोल्डर मोडून फाइली ‘लॉस्ट+फाउंड’ मध्ये आयनोड क्रमांकाच्या, म्हणजे आतल्या ओळख क्रमांकाच्या, नावाने येऊन पडल्या. मूळ स्थिती हातात असल्यामुळे आम्ही स्नॅपशॉटच्या दुसऱ्या प्रतीवर वेगळ्या क्रमाने प्रयत्न करू शकलो.

दुरुस्तीनंतर फाइल सिस्टिम माउंट झाली आणि खोलीत सुटकेचा श्वास ऐकू आला. पण एक्सएफएस चेकसम ठेवते तो मेटाडेटाचा, फाइलीच्या आतल्या मजकुराचा नाही. रिपेअर यशस्वी झाले याचा अर्थ सांगाडा सरळ झाला. कोणाच्या फाइलीत कोणाचे ब्लॉक गेले हे त्याला कळूच शकत नाही.

इथे अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्यांचे मनापासून आभार मानायला हवेत. त्यांनी प्रत्येक कागद चढवताना त्याचा शा-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवला होता. आम्ही साठ्यातली प्रत्येक फाइल वाचून हॅश ताडून पाहिला. पूर्ण फेरीला दीड दिवस लागला आणि ४१२ फाइलींचा हॅश जुळला नाही. त्यातल्या काही खूप जुन्या होत्या, आदल्या रात्रीशी संबंध नसलेल्या. बिघडलेल्या नकाशाने त्यांचे ब्लॉक ‘मोकळे’ म्हणून दुसऱ्याला देऊन टाकले होते. त्या बॅकअपमधून परत आल्या. बॅकअपनंतर आलेल्या आणि मोडलेल्या ३७ फाइली कुठूनही मिळाल्या नाहीत.

कोणते पर्याय तोलले

पुढे काय, यावर दोन आठवडे वाद झाला. पहिली मागणी अशी आली की दोन्ही नोडना एकाच वेळी माउंट करता येईल अशी क्लस्टर फाइल सिस्टिम घ्या, म्हणजे हा प्रश्नच राहणार नाही. जीएफएस२ आणि ओसीएफएस२ दोन्ही २००६ पासून लिनक्स कर्नलमध्ये आहेत. प्रत्येक नोडला आपले जर्नल असते आणि कोणत्या फाइलीला कोण हात लावतो हे डीएलएम हा वितरित लॉक व्यवस्थापक ठरवतो. पण ‘प्रश्नच राहणार नाही’ हे चुकीचे आहे, आणि ही चूक मी अनेक ठिकाणी ऐकली आहे. नोड हरवला की डीएलएम त्याचे लॉक सोडत नाही. फेन्सिंग झाल्याची पावती मिळेपर्यंत सगळी फाइल सिस्टिम थांबते. म्हणजे फेन्सिंगची गरज इथे उलट जास्त. शिवाय आमच्याकडे एकेका फोल्डरमध्ये लाखो छोट्या फाइली होत्या. दोन नोड एकाच फोल्डरमध्ये लिहू लागले की त्या फोल्डरचा लॉक सतत इकडून तिकडे फिरतो आणि वेग पडतो. आम्हाला दोघांनी एकदम लिहिण्याची गरजही नव्हती.

दुसरा पर्याय सेफ (Ceph) सारखी वितरित साठवणूक. अनेक यंत्रांतल्या डिस्क मिळून एक साठा, प्रत्येक तुकड्याच्या सहसा ३ प्रती, आणि बहुमत ठरवायला किमान ३ मॉनिटर. एकच अ‍ॅरे हा जो कच्चा दुवा आहे तो यात जातो. माझे मन काही दिवस याच बाजूला होते. पण ती सांभाळायला लागणारे हात आणि अनुभव टीमकडे नव्हता. एक गोष्ट नीट न समजल्याने अपघात झालेला असताना त्याहून कितीतरी गुंतागुंतीची गोष्ट घाईने आणणे मला पटेना. डीआरबीडीने दोन सर्व्हरच्या डिस्क आरशासारख्या ठेवण्याची सूचना लवकर बाजूला पडली: तिथेही संवाद तुटला आणि दोघे मालक झाले की दोन वेगळे साठे तयार होतात.

उरला तो मूळ मांडणी ठेवून फेन्सिंग नीट बसवण्याचा पर्याय. त्यात नवे असे काही दाखवता येत नाही, म्हणून वरिष्ठांना तो पटवायला सर्वांत जास्त वेळ गेला. एका बैठकीत विचारले गेले, “म्हणजे जे आधीच असायला हवे होते तेच करणार?” उत्तर ‘हो’ असेच होते.

प्रत्यक्ष काय केले

व्यवस्थापन कार्डे योग्य व्हीलॅनमध्ये आणली आणि आयपीएमआयचे फेन्सिंग चालू केले. पण त्यावर एकट्यावर विसंबता येत नाही: सर्व्हरची वीजच गेली तर त्याचे कार्डही जाते, पावती मिळत नाही आणि राखीव नोड वाट पाहत बसतो. म्हणून दुसरी पातळी ठेवली, स्कझी-३ च्या पर्सिस्टंट रिझर्वेशनची. प्रत्येक नोड ल्यूनवर आपली किल्ली नोंदवतो. फेन्सिंग करायचे तर दुसरा नोड ती किल्ली काढून टाकतो आणि त्यानंतर अ‍ॅरे स्वतःच त्या नोडचे लेखन नाकारतो. नोड चालू असला तरी त्याचा डिस्कवरचा अधिकार संपतो. अपघाताच्या रात्री हे असते तर ख ने फाइल सिस्टिम माउंट करण्याआधीच क चे लेखन बंद पडले असते.

कोरोसिंकला दोन वेगळ्या स्विचवरून दोन रस्ते दिले. तिसऱ्या एका छोट्या यंत्रावर क्यूनेटडी बसवून तिसरे मत आणले आणि ‘टू_नोड’ काढून टाकले. नोड फुटून वेगळे झाले तर हे यंत्र एकाच बाजूला मत देते. ज्याला मत मिळत नाही त्याला दुसऱ्यावर फेन्सिंग चालवता येत नाही, त्यामुळे दोघांनी एकाच क्षणी एकमेकांची वीज तोडण्याची शक्यताही गेली. एलव्हीएमच्या व्हॉल्यूम ग्रुपवर (डिस्कच्या गटावर) सिस्टिम आयडी, म्हणजे मालक सर्व्हरचे नाव, लावला. याची मर्यादा सांगायला हवी: फेलओव्हरच्या वेळी क्लस्टर स्वतःच हा आयडी बदलून घेतो, म्हणून तो फुटीपासून वाचवत नाही. बूट होताना किंवा कोणी हाताने चुकून डिस्क सक्रिय करू नये एवढ्यासाठीच तो आहे.

सेवांचा क्रमही तपासला. एलव्हीएम, मग माउंट, मग एनएफएस सर्व्हर, मग एक्स्पोर्ट (वाटपाला खुला केलेला फोल्डर), आणि सर्वांत शेवटी आयपी पत्ता. आयपी आधी आला आणि एक्स्पोर्ट मागून, तर मधल्या क्षणी विचारणाऱ्या क्लायंटला ‘स्टेल फाइल हँडल’, म्हणजे फाइलीची खूण ओळखत नसल्याची चूक, मिळते. तीच चूक आणखी एका ठिकाणी दबून होती. एक्स्पोर्टचा एफएसआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, क वर १ आणि ख वर २ असा हाताने लिहिलेला होता. क्लायंटजवळच्या फाइल हँडलमध्ये हा आकडा असतो, त्यामुळे फेलओव्हरनंतर जुने हँडल ओळखीचे राहत नाही. दोन्हीकडे एकच आकडा केला. एनएफएसची क्लायंटविषयीची माहिती प्रत्येक नोडच्या आपल्या डिस्कवर होती, तीही सामायिक डिस्कवर हलवली. नाहीतर नव्या नोडला जुने क्लायंट आठवत नाहीत आणि तो त्यांचे लॉक परत देत नाही. काही अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर ‘सॉफ्ट’ माउंट सापडले. ते थोडी वाट पाहून अ‍ॅप्लिकेशनला चूक परत करतात, आणि अ‍ॅप्लिकेशनने ती नीट हाताळली नाही तर अर्धी फाइल राहून जाते. सगळे ‘हार्ड’ केले.

पहिल्या चाचणीत आयपी २५ सेकंदांत हलला, पण अ‍ॅप्लिकेशन जवळपास २ मिनिटे ताटकळले. चाचणी फसली असेच सगळे म्हणाले. फसली नव्हती. एनएफएस ४ चा सर्व्हर नव्याने उठला की ९० सेकंदांचा ग्रेस काळ देतो, ज्यात जुन्या क्लायंटना आपले लॉक परत मागता येतात आणि नवे कोणाला मिळत नाहीत. हा काळ आणि त्यासोबतची लीज (क्लायंटच्या हक्काची मुदत) आम्ही ४५ सेकंदांवर आणली. आणखी खाली नेण्याचा आग्रह झाला, मी विरोध केला. गर्दीच्या वेळी एखाद्या क्लायंटला परत यायला उशीर झाला तर त्याचा लॉक दुसऱ्याला मिळेल, आणि थोडा वेळ वाचवण्यासाठी तो धोका पत्करण्यासारखा नव्हता.

चाचण्या कशा केल्या हेही नोंदवतो. इंटरफेस बंद करून पाहिले नाही. केबल ओढली, स्विच बंद केला, चालू नोडचा कर्नल मुद्दाम पाडला, आणि शेवटी भर लेखनात वीज काढली. प्रत्येक वेळी लॉगमध्ये आधी फेन्सिंगची पावती आणि मग माउंट, हाच क्रम दिसतो का ते पाहिले. चौथ्या चाचणीत तो क्रम पाहताना आयपीएमआय गप्प, स्कझीची किल्ली निघाली, मग माउंट, असे तीन टप्पे ओळीने आले, तेव्हा मला पहिल्यांदा या क्लस्टरवर भरवसा वाटला.

परिणाम आणि आज वेगळे काय करू

फेरमांडणीनंतर तीन महिन्यांनी क चे मेमरी मॉड्यूल बिघडून तो अडकला. त्याची वीज तोडली गेली, ख ने काम घेतले, वापरकर्ते सव्वा मिनिट थांबले. नंतर हॅशची पूर्ण फेरी चालवली, एकही फाइल वेगळी निघाली नाही. ही फेरी आता दर आठवड्याला आपोआप चालते.

मी आज वेगळे करीन ते असे. कार्यान्वयनाला फेन्सिंग तयार नसेल तर स्वयंचलित फेलओव्हरच बंद ठेवीन. क पडला तर माणूस उठेल, क बंद असल्याची डोळ्यांनी खात्री करील आणि ख वर हाताने माउंट करील. अर्धा तास सेवा बंद राहील, पण डिस्कला दुसरा मालक मिळणार नाही. उभारणीच्या वेळी हा पर्याय समोर होता, कोणी तो मांडला नाही. ‘स्टोनिथ-एनेबल्ड’ ची किंमत देखरेखीत घातली आहे, ती ‘फॉल्स’ दिसली की सूचना थेट टीमप्रमुखांना जाते. आणि दोन ठिकाणी माउंट झाल्याची शंका येताच काय करायचे, ते कार्यपुस्तिकेच्या पहिल्या पानावर आहे: अनमाउंट करू नका, एका नोडची वीज लगेच तोडा, दुसऱ्यावरचे लेखन थांबवा, स्नॅपशॉट घ्या.

अ‍ॅरे अजून एकच आहे. त्यावरचा निर्णय पुढच्या वर्षाच्या नियोजनात ठेवला आहे.

न मिळालेल्या ३७ कागदांसाठी संस्थेने प्रत्येक अर्जदाराला स्वतःहून कळवले, चूक आपली असल्याचे सांगितले आणि कागद पुन्हा मागितले. २६ आले. उरलेल्या ११ ची यादी अजून उघडी आहे.